उरलेली चाकरी

कुंभेरीच्या राजेसाहेबांना जेवणानंतर विड्यासोबत गणिताचं कोडं लागायचं, आणि त्यांचा विडा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, असा शिरस्ता होता. दरबारचे गणिती विसाजीपंत कोडी घालून घालून पार शिणले होते.

"महाराज, आता पुरे. चाकरी सोडून घरी जाऊ द्या," एके दुपारी पंत म्हणाले.

राजेसाहेब हसले. "शेवटचं एक घाला. मला नाही सुटलं, तर आजच जा. सुटलं, तर उत्तर येईल तेवढी वर्षं चाकरी करा. सगळ्यांदेखत शब्द देतो!"

पंतांनी जांभई आवरली. "माझ्या चाकरीची उरलेली वर्षं दुप्पट करून सात मिळवा, नाहीतर तिप्पट करून सात मिळवा, बेरीज तीच येते. तर वर्षं किती?"

"हात्तिच्या!" राजेसाहेबांनी जुन्या बीजगणिताच्या रीतीनं अज्ञात वर्षांना 'या' मानलं. "दोन या अधिक सात बरोबर तीन या अधिक सात. दोन्हीकडचे सात गेले. दोन या बरोबर तीन या. म्हणजे या बरोबर..."

विडा तोंडातच राहिला. उत्तर शून्य होतं.

पंत गुडघ्यावर हात टेकून उठले. "बोला महाराज, सुटलं की नाही सुटलं? मला दोन्ही चालेल."