सुरीवर जळणारी विळी

फार वर्षांमागे सगुणाबाईंना आठ दिवसांत घर आवरून परदेशी जावं लागलं. सोबत त्यांची विळीही गेली. तिथे सारा स्वयंपाक उभ्याने. सुरी ओट्यावर मिरवायची आणि विळी कपाटात पडून जळायची.

"दिवसभर उभी असतेस, पाय नाही दुखत?" विळी टोमणा मारी.

"मला पाय कुठे आहेत, आजीबाई?" सुरी हसे.

एकदा विळी हट्टाने ओट्यावर चढली. तिथे ती कलंडली आणि बाईंचा अंगठा चिरला. विळी पुन्हा कपाटात गेली.

नारळी पौर्णिमेला मात्र सुरीला खोबरं खवता येईना. बाईंनी जमिनीवर पाट मांडला, विळी काढली. पांढराशुभ्र चव भराभर पडू लागला.

"नशीबवान आहात, आजीबाई," सुरी वरून म्हणाली.

त्या आवाजातली जळजळ विळीच्या ओळखीची होती. ओठांवरचा टोमणा तिने गिळला.

"कोथिंबीर तूच चिर," ती म्हणाली. "मला ओट्यावर जमत नाही."