मातीआधी चूल

फार पूर्वी, डोंगराच्या पार माथ्यावर, जिथं ढग अंगणात येऊन बसत, तिथं एक गाव होतं. मेंढरं राखायची, लोकर कातायची, घोंगड्या विणायच्या, हाच गावाचा उद्योग. माणसं साधी, पण रीतीला पक्की. आळीत कुणी गेलं, की त्याला माती देईपर्यंत आळीतल्या एकाही घरात चूल पेटत नसे.

आणि हे नुसतं माणसांपुरतं नव्हतं, बरं का. मेंढरांमागचं म्हातारं कुत्रं गेलं, तरी चूल बंद. दुभती गाय गेली, तरी चूल बंद. "ज्यानं आपल्यात दिवस काढले, त्याच्यासाठी एक वेळ उपाशी राहिलं तर काय बिघडतं?" असं तिथले लोक म्हणत. असं गाव शोधून सापडायचं नाही.

त्या गावात एक घोंगडी विणणारा राहत होता. बायको देवाघरी गेलेली. घरात तो आणि त्याची सात वर्षांची मुलगी, तानी. एकदा समुद्रापलीकडचा एक व्यापारी डोंगर चढून आला. घोंगडी पाहून खूश झाला आणि जाताना तानीच्या हातात एक वेताचा पिंजरा ठेवून गेला.

पिंजऱ्यात होतं मूठभर जनावर. रंग पिकल्या गव्हासारखा, डोळे काळ्या मिऱ्यांसारखे, शेपूट म्हणाल तर असून नसल्यासारखं. हल्लीची मुलं हॅमस्टर म्हणतात ना, तेच ते. पण त्या गावानं असलं काही पाहिलेलंच नव्हतं. भुईमुगाचा दाणा दिला की ते खात नसे, गालात कोंबत असे. एक दाणा, दोन दाणे, पाच दाणे! शेवटी तोंड डोक्यापेक्षा मोठं दिसायचं. तानीनं त्याचं नाव ठेवलं गालोबा.

आळीला वेडच लागलं गालोबाचं. म्हाताऱ्या पदरात ज्वारीचे दाणे बांधून आणत. "बघ गं, माझे सगळे गालात घातले, तुझा एक उरवला," अशी भांडणंसुद्धा होत. बाप विणायला मागावर बसला की तानी पिंजऱ्यापाशी बसून गालोबाशी बोलत राही. आई गेल्यापासून गप्प झालेली पोर बोलायला लागली, म्हणून बापालाही तो मुलासारखा वाटू लागला.

मग आला पौष. एके दिवशी पहाटे अशी थंडी पडली की गवतावरचं दंव गोठून काचेसारखं झालं, आणि रांजणातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरला. तानी उठली, पिंजऱ्याकडे गेली आणि किंचाळली.

गालोबा भुशात गोळा होऊन पडला होता. गार, कडक, डोळे मिटलेले. बापानं त्याला उचललं, कानाशी धरलं. काही नाही. श्वास नाही, हालचाल नाही.

"गेला गं पोरी," बाप म्हणाला.

झालं! बातमी आळीभर गेली. एकीची चूल नुकती पेटली होती, तिनं पाणी मारून विझवली. दुसरीनं परातीत घेतलेलं पीठ पुन्हा मडक्यात टाकलं. सगळ्या आळीत धूर म्हणून दिसेना. तेवढ्या कडाक्यात माणसं कुडकुडत अंगणात जमली. पोरं भाकरीसाठी रडायला लागली.

"उंदराचं सुतक!" एक फटकळ बाई म्हणाली. "उद्या ढेकणाचंही पाळायला लावतील!"

"तूच परवा त्याला गूळ आणलास की," शेजारीण म्हणाली.

"आणला. आवडायचा त्याला," ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

गावचा कारभारी स्वतः कुदळ घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, पण आज घाईत होता. "चला, आटपा. माझ्या सुनेचे दिवस भरलेत. सकाळपासून तिच्या पोटात घास नाही. लवकर माती देऊ, म्हणजे चुली पेटतील." बाभळीखाली त्यानं खणायला घेतलं. जमीन थंडीनं दगड झालेली, कुदळ टणटण वाजत होती.

एवढ्यात गावची सुईण तिकडून आली. ती निघाली होती कारभाऱ्याच्याच सुनेला बघायला. गावातली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. हात असा, की बाळाला वाटावं अजून आईच्या पोटातच आहोत.

"काय झालं गं, तानी?"

तानीनं ओंजळ पुढं केली. सुईणीनं गालोबाला घेतलं, उलटं केलं, पोटावर बोट ठेवलं. मग अंगावरच्या घोंगडीतला लोकरीचा एक तंतू उपसला आणि त्याच्या नाकापुढं धरला. सगळे बघत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग तंतू जरासा हलला.

"वाऱ्यानं हलला," कारभारी म्हणाला.

"असेलही वाऱ्यानं," सुईण म्हणाली. "घरात चला. चूल पेटवा."

अंगणातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. घरात मयत आणि चूल पेटवायची? आजवर असं कुणी केलं नव्हतं!

"म्हातारे, तुला कळतंय का काय बोलतेस?" कारभाऱ्यानं कुदळ टेकवली. "आजा-पणज्यानं पाळलेली रीत आहे ही."

"रीत चांगलीच आहे. मीही जन्मभर पाळली. पण ती मेलेल्यासाठी आहे, कारभारी. हा मेला, असं कुणी ठरवलं?"

"सगळ्या आळीला दिसतंय!"

"दिसतंय ते एवढंच, की तो गार पडलाय. आणि सकाळपासून तुम्ही त्याच्यासाठी सगळ्या आळीला गार करून ठेवलंय. जित्या माणसाचीही बोटं आखडतील अशानं."

कारभाऱ्याचा चेहरा लाल झाला. "हे बघ, मयताच्या घरात चूल पेटवणारा हात माझ्या नातवाला लागू द्यायचा नाही मला. पेटवलीस तर माझा उंबरा तुला बंद. आणि माझा बंद, म्हणजे गावाचा बंद."

हे काही लहान बोलणं नव्हतं. सुईणीला ना शेत, ना मेंढरू. बाळंतपणं होती म्हणून चार घास होते. ती बोटांनी गालोबाचा गार पाय चोळत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या सुनेसाठी घाटाखालून दुसरी सुईण आणता येईल. ह्याला दुसरी सकाळ कुठून आणायची?"

आणि ती घरात शिरली. गुडघे टेकून तिनं चुलीत काटक्या रचल्या, फुंकणीनं फुंकर घातली, आणि त्या उपाशी, गारठलेल्या आळीत एका घरातून धूर वर चढला.

तानीचा बाप उंबऱ्यात उभा. एकीकडे गाव, एकीकडे पोर. तो आत आला, मऊ लोकरीचा पुंजका घेतला आणि सुईणीपुढं ठेवला. मग गालोबाला उचलून विस्तवाजवळ धरायला निघाला.

"थांब! ते वांगं नव्हे भाजायला," सुईण म्हणाली. "गारठलेल्या जिवाला एकदम धग दाखवू नये. ऊब सावकाश द्यायची." तिनं गालोबाला लोकरीत गुंडाळलं, पोटाशी धरलं, वरून पदर घेतला आणि चुलीपासून हातभर लांब बसली.

कवडसा उंबऱ्यातून आत आला. मागापर्यंत सरकला. बाप दोनदा म्हणाला, "जाऊ द्या, मावशी." दोन्ही वेळा सुईण म्हणाली, "अजून थोडं." तानी तिच्या गुडघ्याला चिकटून बसली होती. बाहेर कारभारी खड्ड्याशी उभा होता, पण कुदळ थांबली होती.

मग पदरात एक मिशी हलली.

"आजी!" तानी ओरडली. "आजी, तो थरथरतोय! त्याला थंडी वाजतेय!"

"वाजू दे, बाळ. मेलेल्याला थंडी वाजत नाही."

थरथर वाढली. पाय सुटे झाले. एक काळी मिरी उघडली, मग दुसरी. गालोबा शिंकला, आणि शिंकेसरशी त्याच्या गालातून कालचा भुईमुगाचा दाणा टपकन सुईणीच्या मांडीवर पडला.

आळी अशी हसली आणि अशी रडली म्हणता! सुईणीनं गुळाचं कोमट पाणी कापसाच्या बोळ्यानं त्याला चाटवलं. फटकळ बाई तर धावत घरी गेली, आणि तिच्या घरातून दुसरा धूर निघाला. मग तिसरा. मग सगळीकडूनच.

कारभाऱ्यानं खड्डा आपल्या हातानं बुजवला. मग उंबऱ्याशी येऊन त्यानं पागोटं काढलं. "आई, चुकलो. सून वाट बघतेय तुमची. पण एक सांगा. आम्हा सगळ्यांना मेलेला दिसला, आणि तुम्हाला एकटीला कसं कळलं की हा जिवंत आहे?"

सुईण गुडघ्यावर हात टेकून उठली. "मला कुठं कळलं होतं?" ती म्हणाली. "तो तंतू वाऱ्यानं हलला की श्वासानं, मला अजूनही ठाऊक नाही. ठाऊक नव्हतं, म्हणूनच तर चूल पेटवली."

तेव्हापासून त्या गावानं रीत मोडली नाही, पण बदलली. कुणी गार पडलं की आधी चूल पेटवतात, ऊब देतात, सावकाश वाट बघतात. एवढं करूनही काही हललं नाही, तरच चूल विझवतात आणि मग कुदळीला हात लावतात.

ह्या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य एवढंच: खात्री नसेल तिथं निकाल देण्याची घाई करू नये, आधी ऊब देऊन बघावी. ऊब वाया गेली तर चार काटक्या जातात, घाई चुकली तर जीव जातो.