न मागितलेले धान्य

साग आणि ऐन यांच्या एका दाट रानात एक घोरपड राहत असे, आणि त्या रानातल्या ओढ्यावरचा तराफा कोल्ह्याच्या ताब्यात गेला, तो तिच्यामुळे. मुलांनो, हे आरंभीच सांगितलेले बरे. नाहीतर गोष्ट वाचताना तुम्ही सगळा दोष कोल्ह्याच्या माथी माराल, आणि या वेळी तो अन्याय ठरेल.

तराफा मूळचा एका म्हाताऱ्या पाणमांजराचा. ओढ्याच्या दोन्ही काठांना एक जाड वेल ताणून बांधलेली होती. घोरपड तराफ्यावर उभी राहून ती वेल पंजांनी घट्ट धरी आणि ओढत ओढत लहानसहान प्राण्यांना पैलतीरी पोहोचवी. रानातला सगळा व्यवहार वरीच्या दाण्यांवर चाले. उतारू मूठभर वरी पाणमांजराच्या पुढ्यात टाकीत, आणि ज्याच्याजवळ नसे, तो पुढच्या खेपेला देई. हा तराफा एक दिवस आपला व्हावा, याखेरीज घोरपडीच्या मनात दुसरी इच्छा नव्हती. तिने ती कोणाजवळ कधी बोलून दाखवली नव्हती, हा भाग वेगळा.

एके दिवशी पाणमांजर तिला म्हणाले, "पोरी, माझे आता वय झाले. खालच्या डोहाकडे लेक असते, तिच्याकडे जाण्याचा विचार आहे. तराफ्याचे मोल दहा टोपल्या वरी. कोल्हा आजच द्यायला तयार आहे; पण इतकी वर्षे वेल तू ओढलीस. पौर्णिमेपर्यंत तुझ्यासाठी राखून ठेवतो."

घोरपडीजवळ स्वतःच्या दोनच टोपल्या होत्या. उरलेले धान्य देण्याइतकी ऐपत रानात फार थोड्यांची होती, आणि त्यांत सर्वांत मोठे कोठार वारुळातल्या मुंगीआजीचे. पण वारुळाची वाट घोरपडीने स्वतःच बंद करून घेतली होती.

झाले होते असे : मागे एका पुरात तिचे बीळ बुडाले, तेव्हा आजीने तिला काही टोपल्या उसन्या दिल्या होत्या. उसनवारीची त्या रानात एक रीत होती. फेड करता आली नाही, तरी दर अमावास्येला देणाऱ्याच्या दारी जाऊन तसे तोंडाने सांगायचे. "आजी, अजून जमले नाही," एवढे म्हटले की पुरे. आजी वर मधाचे बोट चाटवून परत पाठवी. पहिल्या अमावास्येला घोरपड गेली. दुसऱ्या अमावास्येला 'रिकाम्या हातांनी काय जायचे' म्हणून गेली नाही, आणि एकदा चुकल्यावर पुढे जाणे अधिकच अवघड होऊन बसले. मग ती वारूळ टाळून करवंदीच्या जाळीतून ये-जा करू लागली. अखेर धान्य साठले, तेव्हा एका पहाटे तिने सगळ्या टोपल्या वारुळाच्या तोंडाशी ठेवल्या आणि कोणी जागे होण्यापूर्वी ती निघून आली. देणे फिटले, पण पत गेली ती गेलीच. "ती सांगायला येत नाही," एवढेच तिच्याविषयी रानात बोलले जाई, आणि तेव्हापासून कोणी तिला मूठभरही उसने देत नसे.

ती आधी सशाकडे गेली. "ससेभाऊ, तराफा घ्यायचा म्हणते. दोन टोपल्या द्याल?"

"देईन हो," ससा गवत चघळत म्हणाला, "पण घोरपडताई, राग मानू नका. उद्या तुम्ही पुन्हा करवंदीतून जाऊ लागलात, तर आम्ही काय त्या वेलीकडे बघत बसायचे?"

घोरपडीची जीभ दोनदा आतबाहेर झाली. खोटे बोलायचे असे ठरवून ती आली नव्हती. "मुंगीआजी चार टोपल्या देणार आहेत," ती म्हणाली.

सशाचे कान ताठ झाले. "आजी? मग माझे काही म्हणणेच नाही. आजींनी तुम्हांला दारात घेतले, म्हणजे मागचे मिटले."

तेच वाक्य तिने मग काटेरी साळूपुढे उच्चारले, आणि या वेळी ते सहज आले. साळूने दोन टोपल्या पुढे सरकवल्या. "आजींच्या नावावर देते आहे, बाई, तुझ्या नव्हे. गैरसमज नको."

आता खरोखरच चार टोपल्या कमी होत्या, आणि वारुळाशी जाणे भाग होते. घोरपड करवंदीच्या जाळीपर्यंत गेली. आजी दाराशी उन्हात बसलेली दिसत होती. तिच्यापुढे जाऊन आधी मागची चूक कबूल करायची, मग धान्य मागायचे, आणि तुमचे नाव मी आधीच वापरून मोकळी झाले, हेही सांगायचे. एवढे सगळे एका दमात कसे सांगावे, हे तिला सुचेना. 'उद्या येऊ,' असे म्हणून ती परतली. दुसऱ्या दिवशीही ती तिथवरच गेली.

पौर्णिमा तोंडावर आली, तेव्हा ससाच वारुळाशी गेला. "आजी, तुमच्या टोपल्या काठावर कधी न्यायच्या? माझी पाठ मोकळी आहे."

"तिने माझ्याकडे टोपल्या मागितल्या कुठे, बाळ?" आजीने विचारले.

पौर्णिमेच्या सकाळी सगळे ओढ्याकाठी जमले. ससा आणि साळू यांनी भांडण केले नाही. त्यांनी आपापल्या टोपल्या मुकाट्याने बाजूला ओढून घेतल्या. तेवढ्यात मुंगीआजी हळूहळू चालत आली.

घोरपड मान खाली घालून म्हणाली, "आजी, तुम्ही मला दिले नसते, असे वाटले."

"असे वाटले, तर मला विचारायचे होतेस. तराफा विकायचा निघाल्याचे कळले, त्याच दिवशी मी चार टोपल्या निवडून दाराआड काढून ठेवल्या. रोज पोरींना सांगत होते, करवंदीकडे लक्ष असू द्या, घोरपड येईल. देणे बुडवणारी तू नव्हेस, हे मला त्या पहाटेच समजले होते. शेपटी ओढत गेल्याची खूण मातीत होती ना."

पाणमांजर चटकन म्हणाले, "आजी, मग अजून वेळ गेलेली नाही. आणा त्या चार टोपल्या."

"माझ्या चार आजही देते. त्यापलीकडचे धान्य पिलांच्या पावसाळ्याचे आहे, त्याला हात लावता येणार नाही," आजी म्हणाली आणि सशाकडे वळली. "तुझ्या टोपल्यांचे काय, बाळ?"

ससा मग म्हणाला, "आजी, प्रश्न धान्याचा नाही. ती पुढे जे सांगेल, त्यातले खरे किती, हे मला ओळखता यायचे नाही."

साळूनेही नकारार्थी मान हलवली.

कोल्हा आतापर्यंत सभ्यपणे दूर बसला होता. त्याने दहा टोपल्या पुढे ठेवल्या. "वेल ओढायला घोरपडताईच राहाव्यात. रोज मूठभर वरी देईन. मात्र माझ्या तराफ्यावर उधारी चालणार नाही."

तसेच ठरले. तराफा कोल्ह्याचा झाला, आणि हाती वरी नसलेल्याने अलीकडच्याच काठावर थांबायचे, हा नियम झाला. पाणमांजराने संमती दिली. ससा आणि साळू यांनाही ती द्यावी लागली. मुंगीआजी सर्वांच्या शेवटी "बरे" म्हणाली. घोरपडीने मात्र सर्वांच्या आधी होकार दिला होता आणि ती वेलीकडे निघूनही गेली होती.

तात्पर्य : देण्याला उशीर झाला, तर लोक समजून घेतात, पण जो लाजेपोटी समोर जाण्याचे टाळतो आणि ती लाज खोट्याने झाकतो, त्याला त्याच्यासाठी काढून ठेवलेली मदतही उपयोगी पडत नाही.