तळ्यात उतरलेला गडगा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नावाचे राज्य आहे. नावात बेट, पण बहुतेक जमीन बेटावर नाहीच. आकाराने सगळ्या राज्यांत धाकटे. न्याहारी करून निघालेला माणूस जेवणाच्या आत आरपार जातो. तोरा मात्र विचारू नका. धर्मावरून शेजारच्या वसाहतीने हाकलून दिलेल्या लोकांनी ते वसवले, म्हणून तिथला एकेक जमीनदार उठता-बसता स्वातंत्र्याचे नाव घेई, आणि घोड्यांना खरारा करायला गुलाम ठेवी.

या राज्याच्या दक्षिण किनाऱ्याला खाऱ्या तळ्यांची रांग आहे. तळे आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा अरुंद दांडा. अशाच एका तळ्याकाठी सॅकनॉक हे गाव आहे, आणि तिथे टेकडीवरून एक दगडी गडगा उतरतो. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. तो काठावर थांबत नाही, सरळ पाण्यात शिरतो आणि दिसेनासा होतो. फोटो काढून झाले की पाहुणे विचारतात, पाण्यात गडगा कशाला? तेव्हा जन्मभर तळ्यातल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, खणून पोट भरलेला ऑल्डन म्हातारा आधी बाजूला थुंकतो आणि मग सांगायला लागतो.

अडीचशे वर्षांपूर्वी ही टेकडी पेलेग व्हिटरिज नावाच्या जमीनदाराची होती, असे सांगतात. न्यूपोर्ट शहरात चार बुके शिकून आला होता, आणि जगातले सारे आपल्याला कळते असा त्याचा समज होता. त्याच्या तबेल्यात चाळीस घोडे होते. टेकडीच्या पायथ्याच्या सपाट कुरणात तबेला आणि गवताची कोठारे बांधायची अक्कलही त्याचीच. गावच्या कुणी तिथे कोंबड्यांचे खुराडेसुद्धा बांधले नसते. पण मोठ्या माणसाला कोण सांगणार?

तळ्याच्या काठाने एक पायवाट दांड्याकडे जाई. नॅरागॅन्सेट लोक, म्हणजे गोऱ्यांच्या आधीपासूनचे तिथले रहिवासी, त्याच वाटेने पिढ्यान्‌पिढ्या तिसऱ्या खणायला जात. हिवाळ्यात तेच त्यांचे अन्न. वाट पेलेगच्या कुरणाच्या कडेने जाई आणि ते त्याच्या डोळ्यांत खुपे. चिखलाचे पाय, टोपल्या, बायकांची बडबड! त्याने ग्रामसभेकडून ठराव करून घेतला की वाटेला आडवा, काठापर्यंत गडगा होईल, आणि जो कुणी गडगा चढेल किंवा त्याचा दगड हलवील त्याला वीस फटके. सभेतली निम्मी डोकी त्याच्या घरी जेवायला येणारी, तेव्हा हात वर व्हायला कितीसा वेळ लागणार?

गडगा रचायला त्याने जोबला बोलावले. जोब नॅरागॅन्सेट होता, आणि त्याच्यासारखा दगड लावणारा त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. त्याची म्हातारी आई डॉर्कस रोज त्याच वाटेने तिसऱ्यांना जाई. पण त्यांची झोपडी पेलेगच्या जमिनीवर होती. नाही म्हटले असते तर म्हातारीला घेऊन जायचे कुठे? जोबने हातोडा उचलला. आपल्याच आईची वाट आपण बुजवतो आहोत, हे त्याला पहिल्या दगडापासून ठाऊक होते.

त्याने एकदाच तोंड उघडले म्हणे. “मालक, ही वाट बंद केलीत तर दांड्यावर—”

“तुला दगड लावायला बोलावलंय,” पेलेग म्हणाला, “बोलायला नाही.”

जोबने वाक्य तिथेच गिळले. उन्हाळा होता, तळे ओसरले होते. कुणी वळसा घालून जाऊ नये म्हणून पेलेगने गडगा उघड्या पडलेल्या चिखलात खूप आतवर न्यायला लावला. जोबने तो असा रचला की फटीत सुरीचे पातेही जाऊ नये. वाईट काम त्याला करताच येत नसे, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

आता जोबच्या त्या अर्ध्या वाक्यात काय होते, ते ऐका. शरद ऋतूतल्या वादळांनी दांड्यावर वाळू चढते आणि तळ्याचे समुद्राकडचे तोंड बुजते. मग ओढ्यांचे पाणी साचते आणि तळे फुगत जाते. दर वर्षी गावचे चाळीस-पन्नास लोक फावडी घेऊन त्याच पायवाटेने जात आणि दांडा फोडून पाणी समुद्रात सोडत. पेलेग जन्मापासून ते तळे पाहत होता, पण तोंड आपोआप उघडते अशी त्याची समजूत होती. फावडी घेऊन जाणारी माणसे त्याला दिसत, पण ती कुठे जातात हे विचारायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती. असल्या शहाण्याला काय म्हणावे?

त्या वर्षी तोंड बुजले आणि कुणी गेले नाही. हिवाळाभर झोपड्यांत मक्याची पातळ पेज शिजली. डॉर्कस निम्मी झाली. ती लेकाला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जोबला सोसेना.

मार्चच्या पावसात पाणी कुरणात शिरले. घोडे टेकडीवर काढता आले. गवत कुठे काढणार? एका सकाळी कोठाराच्या दारात गुडघाभर पाणी होते. तेव्हा कुठे कुणीतरी पेलेगला सांगितले की तोंड माणसे उघडतात. तो धावत काठावर आला. गडग्याच्या पलीकडे सगळे गाव फावडी घेऊन उभे होते, आणि कुणी हलत नव्हते.

“बघता काय? जा की!”

“गडगा चढला तर वीस फटके,” जोब म्हणाला. “ठराव तुमचाच.”

“मी परवानगी देतो!”

“आजची. उद्या माझी आई टोपली घेऊन आली की? परवानगी नको मालक. वाट पाहिजे.”

पेलेगने वळून कोठाराकडे पाहिले. म्हणाला, “पाड मग. तूच रचलास, तूच पाड.”

“दगड हलवला तरी फटकेच. फक्त मालकाला माफ आहे.”

मग रेशमी जाकिटातला तो माणूस कमरेभर थंड पाण्यात उतरला. पहिला दगड निघेना. इतका पक्का बसवलेला दगड उपटताना त्याची नखे फाटली, तो रडला, त्याने देवाला आणि जोबला सारख्याच शिव्या दिल्या. कुणी हात लावला नाही, कुणी हसलेही नाही. दुपारपर्यंत एक माणूस जाईल एवढी खिंड पडली. फावडीवाले पुढे सरसावले, तर जोबने हात आडवा धरला. आधी डॉर्कस आली. काठी टेकत, रिकामी टोपली कमरेला लावून. पेलेगला पाण्यात बाजूला सरून तिला वाट द्यावी लागली.

त्या खिंडीत पुन्हा दगड रचला तर तळे तो हिवाळ्यात ढकलून देते, असे म्हणतात. टेकडीवरचे घर मात्र अनेकदा विकले गेले. हल्ली तिथे कुणी बँकवाला वर्षातून सहा आठवडे राहतो आणि हिरवळीवर बसून समुद्राबद्दल तत्त्वज्ञान सांगतो. पण दांडा फोडायचा दिवस आला की आजही घरमालकाने स्वतः पाण्यात उतरून गडग्याचा एक दगड काढायचा, अशी रीत आहे. एका वर्षी त्याने माळ्याला पाठवले. गाव फावडी टेकून काठावर बसून राहिले, आणि हिरवळीच्या कडेला पाणी लागल्यावर साहेब पायजमा खोचून आले.

दगड निघाला की नॅरागॅन्सेट घरांतली सर्वांत म्हातारी बाई पहिली त्या खिंडीतून जाते. मालक पाण्यात बाजूला उभा असतो. ती त्याचे आभार मानत नाही. आपल्याच वाटेने जायचे आभार कुणाचे मानायचे?