खिरीचा नगारा

पूर्वी शुभ्रा नदीच्या काठी अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. त्याचे नाव विमलमित्र. नगराच्या वरच्या अंगाला असलेले धरण आणि त्याची दारे त्याच्या हाती होती.

त्या नगराची एक रीत होती. श्रावणी पौर्णिमेला धरण काठोकाठ भरलेले असावे, राजाने नदीची ओटी भरावी, मग धरणावरचा नगारा वाजावा आणि खालच्या आळीने वाट्या घेऊन घाटावर खिरीला यावे. नगारा खरे तर पुराच्या इशाऱ्यासाठी बसवलेला होता. पण कित्येक वर्षांत पूर आला नाही, तेव्हा रिकामा कशाला ठेवायचा म्हणून त्याला खिरीच्या कामाला लावले होते.

एका पौर्णिमेच्या सकाळी डोंगरातून निरोप आला की ढग हटायला तयार नाहीत, ओढे फुगले आहेत. विमलमित्राने दारे उघडायची परवानगी मागितली. राजाच्या कपाळाला आठी पडली. ओटी भरायच्या दिवशीच नदी रिती करायची? ओटी होईपर्यंत थांबलास तर एक गाव इनाम देतो, असेही त्याने सुचवून पाहिले.

“महाराज, इनामाचे गाव मिळेल, पण खालची आळी राहणार नाही,” विमलमित्र शांतपणे म्हणाला. “वरचे पाणी वाटेला लागले आहे. त्याला आत जागा करून ठेवू या.”

राजा हट्टी असला तरी वाईट नव्हता. त्याने मान डोलावली. आळीने उंचावर जावे म्हणून लगेच नगारा वाजला. विमलमित्र पाहतो तो सगळी आळी वाट्या घेऊन घाटाकडे धावत सुटली होती. नगारची घाबरून आणखी जोराने बडवू लागला, तशी उरलीसुरली माणसेही आली. विमलमित्राने दारांवरच्या माणसांना हातानेच थांबवले. त्या आवाजात ओरडून सांगणार तरी काय? घाटावर खिरीचे हंडे शिजत होते. ते पाहून त्याला हसू आले.

“नगारा वाजू दे,” तो म्हणाला. “हंडे तेवढे टेकडीवर न्या.”

हंडे निघाले, तशी आळी कुरकुरत मागोमाग चढली. शेवटची म्हातारी वर पोचल्यावरच दारे उघडली. घाट बुडाला, घरांत गुडघाभर पाणी शिरले. संध्याकाळी डोंगरातला लोंढा आला. त्याला धरणात जागा मिळाली आणि तो तिथेच निवला. राजाने उण्या नदीचीच ओटी भरली. खीर जरा करपली होती, पण कुणाची वाटी रिकामी राहिली नाही. तेव्हापासून त्या नगरात खीर टेकडीवरच वाढतात.

एवढी गोष्ट सांगून शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, समोरच्या भिक्षूंकडे पाहिले. “तेव्हाचा राजा म्हणजे पात्र काठोकाठ भरून घेणारा आपला रेणुक. नगारची म्हणजे भोजनाची घंटा वाजवणारा कपिल. आळीतली माणसे म्हणजे ती घंटा ऐकताच उठणारे तुम्ही सारे, आणि अमात्य मी होतो. इशारा देणे ही करुणा झाली. तो माणसांच्या कानी काय होऊन पडतो हे ओळखणे, ती प्रज्ञा.”