रखमाजींचा डावा पाय

सुनेचं बाळंतपण सुखरूप पार पडलं तर श्रावणातल्या सोमवारी माईंच्या सेवाश्रमात झाडलोट करीन, असा मी नवस बोलले होते. देवानं ऐकलं. म्हणून त्या दुपारी केरसुणी हातात घेऊन मी रखमाजींच्या खोलीत होते.

"पायच नाही, तर दुखतंय काय?" विभावरी सिस्टर माईंना विचारत होती.

मुलगी हुशार, नर्सिंगला पहिली आलेली. रुग्णसेवा शिकायला माईंकडे राहिली होती, पण शिकण्यासारखं फारसं उरलं नाही असं तिला वाटे.

रखमाजींचा डावा पाय साखरेनं सडला, गुडघ्याखाली कापावा लागला. तरी ते म्हणत, त्या पायाची बोटं कुणीतरी मुठीत आवळली आहेत. अन्न सुटलं होतं त्यांचं. दुखण्याच्या गोळीनं जरा डोळा लागे, तेवढंच. आणि ही म्हणत होती, सगळं नाटक आहे, आज डॉक्टर आले की गोळ्या बंद करायला सांगते.

"उद्या चपलाही दोन मागतील," ती हसली.

माई खाटेजवळ येऊन उभ्या राहिल्या.

रखमाजी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडले होते. चादर डाव्या गुडघ्यापाशी संपत होती, पुढे नुसती सपाट गादी. सिस्टर तिथेच टेकली. अगदी हलकेच.

"पाय...! पायावर बसलंय कोण?"

ती ताडकन उठली. रखमाजींनी डोळे उघडलेले नव्हते...

माई वाकल्या. मोकळ्या गादीला हात लावून तो कपाळाला लावला, चुकून कुणाला पाय लागला की आपण लावतो तसा. मग सिस्टरचा हात धरून त्या जागेवर नेला.

"दाब."

तिची बोटं खाली गेली... आणि गादीच्या वीतभर वरच थांबली. पुढे जाईनात. मी समोरच उभी होते. मधे काहीही नव्हतं.

"हं... तिथंच," रखमाजी पुटपुटले. "अंगठा सोडवा, बाई."

ती हवेतच दाबत राहिली. कितीतरी वेळ. रखमाजींच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली. त्यांनी कूस बदलली, डोळे उघडले, आणि पेज आहे का म्हणून विचारलं.

ओसरीवर डॉक्टरांचा आवाज आला.

सिस्टरनं हात पदरात गुंडाळून घेतला होता. गार पडला होता की भाजला होता, कोण जाणे.

"माई... डॉक्टरांना काय सांगू? काय आहे तिथे?"

माईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडेही.

"मला काय विचारता, बायांनो? ज्याचा पाय आहे त्याला विचारा. तो सांगेल तेवढंच सांगा."