बयजा भोईणीचे गळ

खूप पावसाळ्यांमागची गोष्ट आहे. तेव्हा नदीवर एकही पूल नव्हता. कातळदऱ्याचे भोई लोकांना होडीतून पलीकडे नेत आणि उरलेल्या वेळात मासे धरत. त्या गावात बयजा नावाची भोईण राहायची. ती पाण्यात पाय घालून उभी राहिली, की कुठे कोणता मासा फिरतोय ते सांगायची, असं म्हणतात.

पण एक गोष्ट तिला कळत नव्हती. पुराच्या दिवसांत मोठे खडस मासे पाण्याच्या उलट उड्या मारत वर जात. त्यांतले थोडेच परत येत. मग बाकीचे राहतात कुठे? ती ज्याला त्याला विचारायची. सासू म्हणायची, "माहेरी बसत असतील, दुसरं काय!"

एका चैत्रात मिठाच्या तांड्याबरोबर निरोप आला. चार दिवसांच्या वाटेवर, घाटमाथ्यावर संस्थानने नदी अडवून बांधलेलं तळं होतं. उन्हाळाभर राजेसाहेबांचे पाहुणे तिथे गळ टाकत बसत. त्यांना मासे कुठे आहेत ते दाखवणारं माणूस हवं होतं. बयजाने लगेच गाठोडं बांधलं.

"अगं बये, मासे काय देवळातली चित्रं आहेत, बोट करून दाखवायला?" सासू म्हणाली.

"आत्याबाई, आपली नदी त्याच तळ्यातून निघते. एकदा बघून येऊ द्या."

तळ्यावर मात्र तिचे पाय मुके झाले. नदीचं पाणी चालतं, तळ्याचं नुसतं उभं असतं. तीन दिवस एकही मासा लागला नाही. कारभारी म्हणाला, "बाई, पाहुण्यांना मासा हवाय, वारा नको. उद्या काही मिळालं नाही तर परतीची वाट धरा."

परत जायचं तिला भय नव्हतं. पण त्या तळ्यात परवानगीवाचून कुणाला उतरता येत नसे. आता परतली, तर मासे कुठे जातात ते तिला कधीच कळणार नव्हतं.

चौथ्या दिवशी उजाडताच ती गळ्याइतक्या पाण्यात शिरली. पाणी कोमट होतं. चालता चालता अचानक तळव्यांना गार लागलं. एक पाऊल इकडे कोमट, एक पाऊल तिकडे कोमट, मधे हातभर गार पट्टा. तळं बांधण्याआधीची नदी खाली अजून वाहत होती! बयजा त्या पट्ट्यामागे निघाली आणि खोल पाण्यात बुडी मारून गेली. ती वर आली तोवर काठावरच्या आचाऱ्याच्या दोन भाकऱ्या भाजून झाल्या होत्या, असं म्हणतात.

मग तिने पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या सरदारांना होडीतून तिथे नेलं. गळ पडला आणि होडीच फिरली. दुपार कलल्यावर माणसाएवढा खडस वर आला. त्याच्या ओठात आधीचाच एक गळ होता.

कातळदऱ्यात प्रत्येक भोयाचं घर आपल्या गळाच्या टोकाला वेगळा पीळ देतं. कुणाचा डावीकडे, कुणाचा दुहेरी. बयजाने तो गळ पाहिला आणि बोटाने त्याचा पीळ चाचपला.

"सरकार, ह्याला सोडा. हा आमच्या घरचा आहे."

होडीत बसलेला कारभारी हसला. "माशाची सनद असते काय, बाई?"

"ही बघा. माझ्या सासऱ्यांचा पीळ आहे. ते जाऊन बारा वर्षं झाली."

सरदारांनी गळ डोळ्यांजवळ नेला. तो जराही गंजला नव्हता.  मग त्यांनी स्वतःच्या हातांनी मासा पाण्यात सोडला आणि म्हणाले, "आणखी कुणाकुणाच्या घरचे आहेत, ते बघू या."

त्या उन्हाळ्यात कुणी मासे मारले नाहीत, असं म्हणतात. पाहुणे मासा वर काढत, बयजा गळ ओळखे, घराचं नाव सांगे आणि मासा परत जाई. आकाशात ढग आले, तेव्हा ती पदराच्या गाठीत चाळीस गळ बांधून घरी आली. दारोदार जाऊन तिने ज्याचा त्याला दिला. काही गळ पणज्यांच्या काळचे निघाले. म्हाताऱ्या बाया ते हातात घेऊन उंबऱ्यातच बसून राहिल्या.

"मग, माहेरीच होते ना?" सासूने विचारलं.

"हो," बयजा म्हणाली. "आणि सगळे धडधाकट आहेत."

आजही कातळदऱ्यात गळ असलेला मासा मिळाला, तर तो कुणी खात नाही. बयजाचं नाव घेऊन मासा सोडतात आणि गळ घरोघर दाखवतात. गेल्या वर्षी असा एक गळ मिळाला. त्याला तीन पीळ आहेत, आणि तसा पीळ गावात कुणीच देत नाही. तो देवळाच्या दाराला टांगला आहे. येणारा-जाणारा थांबतो, बोटाने पीळ मोजतो आणि नदी जिथून येते त्या डोंगराकडे बघतो.